लॉन बोल्सच्या मॅडम

“थांबा, वळंल.” कुठल्याही गोष्टीला उशीर झाला की आमच्या शाळेच्या खेळाच्या मॅडम एवढंच म्हणायच्या. वैजापूरची बस येत नसो की मुख्याध्यापकांची सही होत नसो, उजवा हात किंचित पुढे धरून त्या शांत उभ्या राहायच्या.

ही सवय त्यांच्या खेळातली. लॉन बोल्समध्ये लांबवरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ आपला मोठा चेंडू घरंगळत न्यायचा असतो. मोठ्या चेंडूची घडणच अशी, की तो सरळ जात नाही. वेग कमी झाला की वळतो.

कबड्डीत गुडघा गेल्यावर दिल्लीच्या एका शिबिरात त्यांनी हा खेळ धरला. औरंगाबादेत त्यासाठी हिरवळ कुठली? मंडपवाल्याकडून जाड हिरवी मॅट आणून त्या सकाळी शाळेच्या सभागृहात सराव करायच्या. आम्ही हसायचो, तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. पुढे त्या भारताच्या संघातून दोनदा परदेशी खेळल्या. कांस्यपदक घेऊन आल्या तेव्हा एका पालकांनी विचारलं, विकेटा किती काढल्या? मॅडमनी त्यांना सभागृहात नेलं आणि अर्धा तास खेळवलं.

तिसऱ्या दौऱ्याच्या वेळी त्यांची पन्नाशी उलटली होती. संघात एकच जागा उरली होती. चाचणीत समोर आली पैठणची एक पोलीस शिपाई, त्यांनीच शिकवलेली. शेवटच्या डावात दोघींचे चेंडू पांढऱ्याजवळ सारखेच थांबलेले दिसत होते. ती म्हणाली, पंचांना मोजू द्या. मॅडम वाकल्या, नीट पाहिलं.

“मोजायचं काम नाय. तुझा जवळ हाय.”

हे त्यांनी मला सोमवारी ऑफिसात सांगितलं. मी शाळेचा क्लार्क. दौऱ्यासाठी टाकलेला त्यांचा रजेचा अर्ज माझ्याकडेच होता.

“भाऊसाहेब, तेवढा अर्ज परत द्या.”

खरंच तिचा जवळ होता का, मी विचारलं.

“व्हय. बोटभर. लई वाईट वाटलं मला, पण होता.”

अर्ज ठेवायला त्यांनी चेंडूंची पिशवी उघडली. चेंडू दिसेनात, म्हणून विचारलं. तिच्याकडे स्वतःचे नव्हते, तिचा हात आपल्याएवढाच आहे, म्हणून देऊन आले, असं म्हणाल्या. पिशवीत चेंडू पुसायचं फडकं तेवढं होतं. घंटा झाली. त्या फडक्यावर अर्ज ठेवून, गुडघा सांभाळत, त्या सातवीच्या तासाला मैदानाकडे गेल्या.