न कापलेला बारावा भाग

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलोय. बीडला शाळेत विज्ञान शिकवतो, वर मुलांच्या जुन्या विज्ञान-साहस कथामाला जमवायचा नाद. त्यामुळे डोकं ठिकाणावर असलेला माणूस अशी माझी (निदान माझ्या मते तरी) ख्याती! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे घडलं, त्यानं मी अजून हादरलेलो आहे.

माझ्याकडच्या एका मालेचे अकरा भाग आहेत. पाताळात उतरणारं यान, दोन भावंडं आणि एक विसरभोळे प्रोफेसर. बाराव्या भागाची नुसती जाहिरातच आली. छापखाना बंद पडला आणि पुस्तक बाजारात आलंच नाही. जमवणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे माहीत आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, चौसाळ्याला हायवेवर विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. उन्हाळ्यात तो पडला, डोक्याला मार लागला. बरा झाला, पण एकच धोशा — "बारावा भाग म्या वाचलाय." गोष्टसुद्धा सांगायचा! त्याच्या मुलानं, गणेशनं, मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की असं पुस्तक निघालंच नाही.

"मंग काका, पप्पांचं डोस्कं हललंच की," गणेश म्हणाला. "असल्या माणसानं करंटच्या कामाला हात लावायचा का?"

आणि त्यानं दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. दुकान म्हणजे दादाचा जीव. तो दिवसभर ओट्यावर बसून हायवेकडे बघत राहायचा. मला ते बघवेना.

दिवाळीत बीडच्या युनूसभाईंचा फोन आला. त्यांचं घराणं बाइंडिंगवाल्यांचं. "सर, तुमचं ते पाताळवालं निघालं माळ्यावर! अब्बांनी बांधलेला गठ्ठा हाय, आजपातूर कुणी सोडला न्हाई."

बाराव्या भागाचा, छापखान्यानं बांधणीसाठी पाठवलेला एकच नमुना होता तो. फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडून टाचलेले, पण कडा कापायच्या राहिलेल्या. म्हणजे पानं घडीत एकमेकांना जोडलेली, कुणी वाचणं शक्यच नाही. युनूसभाईंकडून मी तो तसाच उचलला.

दुपारीच चौसाळा गाठलं. वहिनी आणि गणेशला समोर बसवलं.

"दादा, तू गोष्ट सांग. मी एकेक घडी कापतो."

दादानं डोळे मिटले. यानाचा पंखा तुटतो, म्हणाला. मी पट्टीनं घडी कापली... पंखा तुटला होता! प्रोफेसर खडूनं गुहेच्या भिंतीवर नकाशा काढतात, म्हणाला. काढला होता! गणेश पानं वाचत होता, त्याचा चेहराच उतरला.

शेवटच्या घडीत पट्टी घातली, तर दादा म्हणाला, "कावून कापतो बे? फुडं कायबी न्हाई. यानाचं दार उघडतं, अन् मंग समदी पानं कोरी. लई रडलतो म्या तवा."

मी कापलं. पुढची सगळी पानं पांढरीफटक. शेवटचा फर्मा न छापताच लावलेला होता!

कुणी म्हणेल, दुसरी प्रत बाहेर पडली असेल. मीही तसंच म्हणालो असतो. पण कोरा फर्मा या प्रतीत होता... आणि ही प्रत कुणी उघडलीच नव्हती! वहिनी उठून देवापुढे जाऊन बसल्या.

गणेशनं खिशातून किल्ल्या काढून बापाच्या हातात ठेवल्या. "पप्पा, चुकलं माझं."

दादा इतका खूश झाला, की डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग त्यानं पुस्तक हातात घेतलं. ताज्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला. हळूहळू त्याचं हसू गेलं.

"हे तर तू आत्ता कापलंस की," तो म्हणाला. "मंग म्या... म्या कशात वाचलं बे?"

दादा आता रोज दुकानात जातो, काम चोख करतो. पण त्या पुस्तकाचा विषय निघाला की उठून जातो. एकटा असला की मात्र अधूनमधून मला फोन करून तेच विचारतो. मी विज्ञानाचा मास्तर, भावाला काय सांगू?