हिरवी पुडी

कांगशानच्या कॉलेजात को नावाच्या बाईंची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. अपंग मुलांना जिने चढायला नकोत म्हणून तिथे दिली, असं कॉलेज सांगतं. खरं म्हणजे ती कोंदट खोली दुसऱ्या कुणालाच नको होती. बावीस वर्षं बाई तिथे बसून एकच काम करत आल्या, दिसत नसलेल्या, ऐकू न येणाऱ्या, चाकाच्या खुर्चीतल्या पोरांना इंटर्नशिप आणि नोकरी मिळवून देण्याचं. स्कूटर काढायची आणि कारखान्यांचे उंबरे झिजवायचे. दहा ठिकाणी नन्नाचा पाढा ऐकावा, तेव्हा एखादा हो म्हणायचा.

मुलाला नोकरी लागली की बाई दोन गोष्टी करत. त्याच्या नावाची लाल पट्टी भिंतीवर चिकटवत आणि मक्याच्या कुरकुऱ्यांची एक हिरवी पुडी त्याच्या हातावर ठेवत. इथली समजूतच आहे, ही पुडी यंत्रावर ठेवली की यंत्र गुमान चालतं. पुडी हिरवीच हवी आणि तारीख उलटली की बदलायला हवी, नाहीतर यंत्र रुसतं. हसायचं काही कारण नाही, इस्पितळातल्या यंत्रांवरसुद्धा असते.

यू-हंगला पुडी दिली त्या दिवशी बाईंना रडू आवरलं नव्हतं. पोराचं जन्मापासून अंग आखडलेलं, एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागायचा, पण संगणकावर एका बोटाने स्क्रूची आरेखनं अशी काढायचा की शिकवणारे मागे उभे राहून बघत. सतरा कंपन्यांनी त्याला 'कळवतो' म्हणून सांगितलं आणि कुणी कळवलं नाही. अठरावा स्क्रूचा मोठा कारखाना. तिथल्या मॅनेजरने दहा मिनिटांत घेतलं. आरेखनं उघडलीसुद्धा नाहीत, फक्त अपंगत्वाचं कार्ड पाहिलं. त्यावर 'तीव्र' लिहिलेलं होतं.

बाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं. मोठ्या कंपनीला शंभर माणसांमागे एक अपंग माणूस ठेवावाच लागतो, नाहीतर दंड बसतो, आणि कार्डावर 'तीव्र' असेल तर एकाचे दोन धरतात. हा कायदा बाईंना तोंडपाठ. पण सतरा नकारांनंतर आलेला होकार कोण उलटसुलट करून बघतो?

दोन वर्षं गेली. जुनी मुलं दर वसंतात कॉलेजात येऊन नव्यांना नोकरीतल्या गोष्टी सांगत. यू-हंगने दोन्ही वेळा टाळलं, काम फार आहे म्हणाला. बाईंना केवढं बरं वाटलं! काम फार आहे!

मग एका मंगळवारी बाई दुसऱ्या एका मुलीच्या नोकरीची चौकशी करायला त्याच कारखान्यात गेल्या. आलोच आहोत तर पोराला भेटावं म्हणून फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला त्याचं नाव सांगितलं. त्याने वही वरपासून खालपर्यंत पाहिली. असा चालणारा माणूस मी विसरलो नसतो बाई, म्हणाला, तो इथे कामाला कधी आलेलाच नाही.

बाई तशाच त्याच्या घरी गेल्या. सकाळचे दहा वाजले होते. आईने दार उघडलं, पेरू कापून पुढे ठेवला, त्यावर आंबटगोड पूड भुरभुरली. आतल्या खोलीत यू-हंग टेबलाशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. समोर संगणक चालू, पडद्यावर काहीच नाही. संगणकावर हिरवी पुडी. बाईंनी ती उचलली. तारीख उलटून वर्ष झालं होतं.

आईनेच सगळं सांगितलं. कारखाना म्हणाला होता, यायची दगदग नको, घरीच राहा, पगार महिन्याच्या महिन्याला येईल. येतोही. तरी हा रोज आठ वाजता तयार होऊन बसतो.

"दोन वर्षांत," यू-हंग सावकाश म्हणाला, "मला एकदाही कुणी रागावलं नाही, बाई."

बाईंनी हातातली पेरूची फोड परत ताटलीत ठेवली. हे आपण केलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई मॅनेजरला भेटल्या. पोराला एक टेबल द्या, एक आरेखन द्या, म्हणून विनवलं. त्याने अदबीने चहा ओतला आणि बाकीच्या कॉलेजांचे लोक आभार मानायला येतात, असं ऐकवलं. कॉलेजात परतल्यावर बाईंनी यू-हंगची पट्टी काढली. मग भिंतीवरच्या एकेका नावाला फोन लावत गेल्या. विचारायचं एकच, रोज कामावर जातोस ना? चाळिसांतले सहाजण घरी बसलेले निघाले. सहाही पट्ट्या काढल्या. उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघून त्यांना स्वतःची लाज वाटली.

महिनाभर हिंडून त्यांनी लियाओ नावाचा एक साचेवाला शोधला, कारखान्यांना लागणारे लोखंडी साचे बनवणारा. आठ माणसांची शेड, तोंडात कायम सुपारी, जीभ कात्रीसारखी. "कायदाबियदा मला लागू नाही, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "महिनाभर बघतो. काम आलं तर ठेवीन, नाहीतर रस्ता धरायचा." बावीस वर्षांत इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

पण त्यासाठी कारखान्याची नोकरी सोडावी लागणार होती. आई संतापली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं? बसल्या जागी माझ्या लेकराच्या तोंडात घास पडतोय, तो का काढता? महिन्याने त्या सुपारीवाल्याने हाकललं तर तुम्ही पोसणार आहात का?"

"चूक माझी आहे," एवढंच बाई म्हणाल्या, आणि यू-हंगकडे पाहिलं. त्याने वाकड्या बोटांनी गळ्यातलं ओळखपत्र काढायला घेतलं. फीत कानाला अडकली. आईने मदतीला हात पुढे केला, त्याने मानेने नको म्हटलं. निघायला बराच वेळ लागला. काढलं आणि आईपुढे ठेवलं.

या खेपेला बाईंनी पुडी दिली नाही. आपल्याला तो अधिकार उरला नाही असं त्यांना वाटत होतं. लाल पट्टीही टेबलाच्या खणात ठेवून दिली.

सव्वीस दिवसांनी दुपारी फोन वाजला. यू-हंग. मागे यंत्रांची घरघर, त्यात त्याचं बोलणं आणखी तुटत होतं. बाईंचा जीव कानात गोळा झाला.

"मालकांनी आज सगळ्यांसमोर झापलं. साच्याचं माप चुकलं माझं. डोळे फुटले का, म्हणाले."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग म्हणाले, दुरुस्त कर. आणि पुढच्या महिन्यापासून अर्धा तास लवकर ये."

पलीकडे तो शब्द जुळवत होता, त्याला वेळ लागतो हे बाईंना माहीत होतं, त्या थांबल्या.

"बाई, माझ्या संगणकावर पुडी नाही," तो म्हणाला. "आणून द्या. हिरवीच. आणि या वेळी तारीख बघून आणा."