मतदानाच्या वेळी बाहेर थांबलेले वॉर्डन

हा लेख मी आपणहून लिहायला घेतलेला नाही. श्री. सुधाकर भिंगारदिवे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. त्यात एक वाक्य होते : ‘स्टुटगार्टच्या आपल्या चर्चमधील मराठी उपासना ही भिंगारदिवे साहेबांनी आपल्याला दिलेली देणगी आहे.’ मी ताबडतोब संपादकांना फोन केला. संपादक प्रदीप एका मोटार कंपनीत इंजिनियर आहेत आणि माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, म्हणून त्यांना मी अरे-तुरे करते.

"प्रदीप, ते वाक्य काढ."

"काकू, सगळे तसंच म्हणतात."

"म्हणूनच काढ. ते खोटं आहे."

"आल्झो, मग तुम्हीच लिहा ना, गेनाऊ काय झालं ते. नुसतं वाक्य काढलं तर लोक विचारतील."

प्रदीपच्या बोलण्यात जर्मन शब्द येतात : ‘आल्झो’ म्हणजे ‘बरं तर’, ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी नेमकं’. लोक विचारतील हे खरे. शिवाय एक व्यावहारिक कारण आहे. साहेबांची वॉर्डनपदाची मुदत संपत आली तेव्हा आमच्याच एका सभासदाने सहज म्हटले होते, "सुधाकर गेले की त्या मराठी उपासनेचं काय करायचं ते बघू." एका माणसाने दिलेली गोष्ट त्या माणसाबरोबर जाते, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे हे छापील स्वरूपात राहावे, म्हणून लिहिते आहे.

ज्यांना आमच्या चर्चची व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्ही एपिस्कोपल चर्चचे लोक. उपासना इंग्रजीत होते. स्वतःची इमारत नाही. एका जर्मन चर्चची इमारत रविवारी दुपारी ठरावीक वेळासाठी भाड्याने घेतो. उपासना पाळक चालवतात. बाकीचा कारभार, म्हणजे इमारतीचा करार, हीटिंग, विमा, नव्या पाळकांची निवड, हे सभासदांतून निवडून आलेले बिनपगारी मंडळ पाहते. त्याला व्हेस्ट्री म्हणतात. व्हेस्ट्रीतला ज्येष्ठ तो सीनियर वॉर्डन. चर्चला पाळक नसतील त्या काळात सगळा भार त्याच्यावर येतो. भिंगारदिवे साहेबांनी हे पद अनेक वर्षे सांभाळले.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या तिथल्या पहिल्याच रविवारी झाली. बाहेर बर्फ वितळत होते. माझा मुलगा तेव्हा लहान होता. त्याने ओले बूट पुढच्या बाकावर टेकवले आणि मी त्याला दबक्या आवाजात मराठीत झापले. मागून एक गृहस्थ वाकून म्हणाले, "नगरच्या का तुम्ही?"

"कशावरून?"

"रागावण्यावरून."

मी हसले नाही. ते हसले. मग त्यांनी आम्हाला गीतांचे पुस्तक दिले आणि उपासना संपल्यावर कॉफीच्या टेबलाशी नेऊन चार जणांशी ओळख करून दिली. त्या चारांत एकही मराठी नव्हता. त्याचे मला त्या वेळी नवल वाटले. मराठी कुटुंबे तिथे होती. साहेबांच्या पत्नी शालिनीताई तर शेजारीच कप लावत होत्या. पुढे कळले की ते प्रत्येक नव्या माणसाला आधी परक्यांकडेच नेतात. आपली माणसे काय, आपोआप सापडतात, असे त्यांचे म्हणणे.

साहेब व्यवसायाने यंत्र अभियंता. एका सुट्या भागांच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. व्हेस्ट्रीच्या कामात त्यांची एक पद्धत होती आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कोणी विरोधात बोलले की साहेब उत्तर देत नसत. ते त्या माणसाचे म्हणणे आधी स्वतःच्या शब्दांत मांडत आणि विचारत, "तुम्हाला हेच म्हणायचं आहे ना?" समोरचा ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा मांडत. तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. याने सभा लांबते. फार लांबते. मी याबद्दल त्यांच्याकडे तक्रार केली आहे आणि ती मागे घेतलेली नाही.

पण ही पद्धत कामाला येते हेही मी पाहिले आहे. आमचे जुने पाळक निवृत्त होऊन अमेरिकेला परतले आणि वर्षाहून अधिक काळ आम्हाला पाळक नव्हते. त्याच हिवाळ्यात जर्मन चर्चचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, आमच्यावर संतापले. दुपारच्या उपासनेसाठी हीटिंग लावायचे नाही असे त्यांनी कळवले. आमच्यातले काही जण वकिलाचे नाव घेऊ लागले. साहेब त्या गृहस्थांकडे गेले आणि त्यांच्यासमोर त्यांचीच तक्रार जर्मनमध्ये मांडू लागले. मी सोबत होते.

"तुम्हाला वाटतं आम्ही दारं उघडी टाकतो."

"नाइन. दारं नाही."

"मग आम्ही उशिरा निघतो."

"तेही नाही. तुम्ही जाताना एक शब्द बोलत नाही. मी तळघरात असतो आणि मला कळत नाही की लोक गेले की आहेत."

"म्हणजे आम्ही इमारत वापरतो आणि तुम्हाला माणूस समजत नाही."

"हो. गेनाऊ."

त्या दिवसापासून उपासनेनंतर कोणीतरी तळघरात जाऊन त्यांचा निरोप घेतो. हीटिंग चालू झाले. नव्या पाळक, रेव्हरंड कॅथरीन, आल्या तेव्हा त्यांच्या स्वागताला हे गृहस्थ कोट घालून हजर होते.

आता मराठी उपासनेविषयी.

माझ्या सासूबाई तेव्हा नव्वदीला आल्या होत्या. आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या, खेपा घालून आम्ही त्यांना कायमचे इथे आणले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि जर्मन शिकण्याचे वय नव्हते. जन्मभर त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, मराठीत घेतले होते. इथे त्या रविवारी येऊन बसत आणि काय चालले आहे ते अंदाजाने ओळखत. एके दिवशी मला म्हणाल्या, "सरोज, मरायच्या आधी एकदा नीट, कळेल असं प्रभुभोजन मिळेल का गं?" बाकीच्या मराठी घरांतही आईवडील येऊन-जाऊन असत. आम्ही काही कुटुंबांनी मिळून अर्ज केला : महिन्यातून एकदा, मुख्य उपासनेच्या आधी, एक तास मराठीत. रेव्हरंड कॅथरीन यांची तयारी होती. पण इमारत तासभर आधी घ्यायची, उघडायची, मदतनीस लावायचे, हे व्हेस्ट्रीने मंजूर करायला हवे होते.

सीनियर वॉर्डन मराठी. आम्ही निश्चिंत होतो.

सभेत मी अर्ज समजावून सांगितला आणि नियमाप्रमाणे बाहेर येऊन बसले. पाठोपाठ साहेबही बाहेर आले आणि कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभे राहिले. मला वाटले, काही विसरले असतील.

"आत मतदान आहे ना?" मी विचारले.

"आहे. अर्जावर शालिनीची सही आहे. मी त्यात बसू शकत नाही."

"साहेब, तिथे एकेक मत महत्त्वाचं आहे."

"म्हणूनच बाहेर आलो."

"सासूबाईंचं वय तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, लोंढेबाई. माझी आई असती तरी मी इथेच उभा असतो."

मी त्यांना आत जायला सांगितले. स्पष्ट शब्दांत सांगितले. ते हलले नाहीत. थोड्या वेळाने दार उघडले आणि रेव्हरंड कॅथरीन यांनी निर्णय सांगितला. एक मत कमी पडल्याने अर्ज फेटाळला गेला होता.

त्यानंतर बराच काळ मी साहेबांशी कामापुरतेही बोलले नाही. त्या रागाबद्दल मी इथे दिलगिरी व्यक्त करणार नाही; त्या वेळी माझ्यासमोर एक म्हातारी बाई होती आणि तिचे दिवस मोजके होते.

साहेबांना आजाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या घरी प्रभुभोजन नेण्याचा परवाना होता. रविवारी वेदीवरून निघालेली भाकर आणि द्राक्षारस त्याच दिवशी घरी पोहोचवायचा असतो. थंडीमुळे सासूबाईंचे बाहेर पडणे बंद झाले, तेव्हा साहेब आमच्याकडे येऊ लागले. आमचे घर चढावर आहे. एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, स्टेशनापासून दगडी पायऱ्यांची लांबलचक चढण आहे आणि साहेबांचे गुडघे तेव्हाही बरे नव्हते. मी दार उघडून "आई आत आहेत" एवढेच म्हणत असे. ते आत जात, मराठीत शास्त्रपाठ वाचत, प्रार्थना म्हणत. सासूबाईंचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येई.

"सुधाकर, तुझ्या देवळात माझी भाषा चालत नाही म्हणे."

"अजून नाही, आत्या."

"मग तू वॉर्डन कसला?"

"खुर्च्या मोजणारा."

"त्या तरी नीट मोजतोस का? शेवटचं आले तेव्हा मला मागे बसवलंस."

अशा एका रविवारी निघताना ते दारात थांबले.

"अजून रागावलात?"

"हो."

"मग व्हेस्ट्रीच्या निवडणुकीला उभ्या राहा. बाहेर उभं राहून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय."

मी उभी राहिले आणि निवडून आले. अर्ज का पडला, हे साहेबांनी मला एका शब्दाने सांगितले नाही. कोणी कसे मत दिले ते तर नाहीच. ते मला श्रीमती मेन्सा यांनी स्वतः सांगितले. त्या घानाच्या, रुग्णालयात परिचारिका होत्या, आणि व्हेस्ट्रीत माझ्या शेजारी बसत. "विरोधातलं एक मत माझं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांनी तुमच्या कितीतरी आधी आमच्या भाषेत उपासना मागितली होती. नाही म्हणाले. मग वॉर्डन भारतीय आहे म्हणून तुम्हाला हो म्हणायचं? आणि तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. कॉफीला एकदा तरी आमच्या टेबलावर बसलात?"

बसले नव्हते. पुढच्या रविवारी बसले. तिथून पुढे काम सरळ होते. आम्ही दोघींनी नवा प्रस्ताव लिहिला : मुख्य उपासनेआधीचा तास भाषांसाठी राखून ठेवायचा. जो गट स्वतःचे वाचक आणेल, दार उघडेल आणि मागचे आवरेल, त्याला महिन्यातला एक रविवार. मराठीला एक, घानाच्या भाषेला एक. उद्या आणखी कोणी आले तर त्यालाही. सभेत मी साहेबांचीच पद्धत वापरली. ज्यांना शंका होत्या त्यांच्या शंका आधी मीच मांडल्या आणि विचारले, हेच ना? सभा लांबली. साहेब या वेळीही बाहेर होते. प्रस्तावावर शालिनीताईंची सही या वेळीही होती. प्रस्ताव एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला. बिशपांचीही संमती आली.

पहिल्या मराठी उपासनेला सासूबाई चाकांच्या खुर्चीतून आल्या. रेव्हरंड कॅथरीन यांनी साहेबांकडून ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द अनेक आठवडे घोटून घेतले होते. त्यांनी ते म्हटले, सासूबाईंनी ‘आमेन’ म्हटले. प्रभूची प्रार्थना म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या पुढे धावत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पाळकीणबाईंचे उच्चार वाईट आहेत. पुढच्या वेळी मी शिकवीन." पुढच्या आणखी काही वेळा त्यांच्या वाट्याला आल्या आणि त्यांनी खरोखर शिकवले. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला श्रीमती मेन्सा यांचे लोक आमच्या नातेवाइकांइतकेच होते.

साहेबांनी मराठी उपासना दिली असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे : त्या पहिल्या सभेत त्यांनी मत दिले असते तर ती उपासना एका मराठी वॉर्डनची मेहेरबानी ठरली असती आणि पुढच्या वॉर्डनला ती काढून घेता आली असती. ते आत गेले नाहीत, म्हणून ती सर्वांची झाली. त्यासाठी त्यांनी आपल्याच लोकांचा राग सहन केला, शालिनीताईंचाही. ताईंनीच मला सांगितले की त्या आठवड्यात घरी साहेबांना पोळी मिळाली, पण बोलणे मिळाले नाही. साहेबांनी याबद्दल कधी स्वतःचे समर्थन केल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या मते त्यांच्या सर्व कामात हे मोठे आहे.

साहेब आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. देवाने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, दृष्टी आणि स्मरण शाबूत ठेवावे आणि शालिनीताईंची सोबत शेवटपर्यंत असू द्यावी. गुडघ्यांसाठी मात्र केवळ प्रार्थना पुरणार नाही. त्यांनी खुर्च्या उचलणे थांबवावे, डॉक्टरांचे ऐकावे आणि रविवारी निवांत बाकावर बसून उपासना ऐकावी. ही माझी शुभेच्छा आहे आणि सूचनाही.

अखेरीस, व्हेस्ट्रीची सचिव या नात्याने एक नोंद करते. यंदाच्या वार्षिक सभेनंतर श्री. सुधाकर भिंगारदिवे यांनी नव्या सीनियर वॉर्डन श्रीमती मेन्सा यांच्याकडे माझ्यासमोर पुढील गोष्टी सुपूर्द केल्या : बाजूच्या दाराची किल्ली, हीटिंगच्या खोलीची किल्ली, इमारतीच्या कराराची फाइल, प्रथमोपचाराची पेटी, चर्चचा मोबाईल, चार्जरसह. सर्व वस्तू चालू स्थितीत मिळाल्या. मराठी उपासना यात धरलेली नाही. ती त्यांच्या ताब्यात कधीच नव्हती.

— सरोज लोंढे