दोन मशिनी आणि थोरले दीर

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा मी आधी माजलगावच्या रस्त्यावरच चालू लागले. पण मी शाळेत शिकवते, आणि आमच्या गावात मास्तरीणबाईला कुणी चालू देत नाही. पहिल्याच कोपऱ्यावर कुणाची तरी आई भेटायची. पोराचं नाव आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं, आता काय करायचं, हे तिला उभ्या उभ्या समजावून सांगावं लागायचं. तासाभरात माझ्या दोन गल्ल्या होत. घरी आले की पाय दुखत, पण उभं राहून.

शेवटी नवरा म्हणाला, घरातच ट्रेडमिल घेऊ. आठ दिवस तो मोबाईलवर व्हिडिओ बघत होता. त्यातून दोन मशिनी उरल्या. एक मधली, म्हणजे मधल्या किमतीची. तिच्यावर हाताच्या तळव्याएवढा पडदा, त्यात नुसते आकडे, आणि बाकीचं सगळं मोबाईलच्या अ‍ॅपवर. दुसरी जवळपास दुप्पट किमतीची. तिला टीव्हीएवढा पडदा, त्यात परदेशातले रस्ते, चढ आला की पट्टा आपोआप उचलला जाणार, वर बोलणारसुद्धा. नवऱ्याचं मन मधलीवर होतं. पण त्यानं ही गोष्ट दिंद्रुडला राहणाऱ्या थोरल्या भावाच्या कानावर घातली आणि घोटाळा झाला. माझे हे दीर तिथले माजी सरपंच. ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, आमच्या घराण्यात कुठलंही यंत्र त्यांनी पाहिल्याशिवाय आलेलं नाही. ते पांढरे कपडे घालून सकाळीच हजर झाले आणि आम्ही तिघं बीडला गेलो.

दुकानात एक शांत स्वभावाची ताई होती. दिरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, मोटार किती एचपीची. ती म्हणाली, मधलीची अडीच, मोठीची चार.

दीर म्हणाले, "आमच्या विहिरीवर पाचची हाय. अडीचवर तर वाफा बी भिजायचा न्हाई."

इथं भिजवायचं काही नाही, असं नवऱ्यानं हळूच सांगून पाहिलं. पण दीर चपला काढून मोठ्या मशीनवर चढले होते. ताईनं मशीन बंद करायच्या दोरीचा चिमटा त्यांच्या सदऱ्याला लावला. पडद्यावर समुद्राकाठचा एक रस्ता आला. दीर चालू लागले. समोरून एक गोरी म्हातारी कुत्रं घेऊन आली, तर त्यांनी मान लववून तिला राम राम केला. चढ आला तसे ते कमरेत वाकले आणि हात मागं बांधले, कपिलधारच्या यात्रेला जाताना चढावर बांधतात तसे. मशीन हिंदीतून म्हणाली की आपण फार छान चालताय. त्यांनी मागं वळून, ऐकलंत का, अशा नजरेनं आमच्याकडं पाहिलं.

पंधरा मिनिटं झाली. ताईनं विचारलं, थांबवू का. ते म्हणाले, "थांबा जरा, ह्या वळणापलीकडं काय हाय ते तर बघू द्या."

एवढ्यात शेजारच्या मधल्या मशीनवर नवरा चालायला लागला. त्याच्या पडद्यावर वेगाचा आकडा पाच होता, दिरांच्या पडद्यावर चार. दिरांनी बटण दाबून साडेपाच केला. नवऱ्यानं सहा. दोघं भाऊ एका भिंतीकडं तोंड करून, एक शब्द न बोलता, घामाघूम होत तिथल्या तिथं पळत होते. आकडा आठवर गेला तसे दीर मागं सरकत गेले, दोरी ताणली, तिचं मशीनकडचं टोक निसटलं आणि मशीन थांबली.

"बंद कावून पडली?" त्यांनी दम खात विचारलं. पण तेवढ्यात मशीननं त्यांचं अभिनंदन केलं, आणि मशीन पसंत झाली.

आता माझी पाळी. मी पदर खोचून मोठीवर उभी राहिले. पडद्यावर आधी वय विचारलं, ते मी सांगितलं. मग वजन. ताई बोट उगारून आकड्याची वाट बघत राहिली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला थोरले दीर. पडदा एवढा की दारातून जाणाऱ्यालाही वाचता यावा. मी म्हणाले, राहू द्या. ती म्हणाली की हरकत नाही, ही स्वतःसुद्धा मोजू शकते. तिचं वाक्य संपायच्या आत मी खाली उतरले होते.

मधलीनं काहीच विचारलं नाही. हिरवं बटण दाबलं, चालू झाली. मी जाहीर केलं की हीच घ्यायची. दीर बेजार झाले. मी म्हणाले, मोठीला घरात जागा नाही. ते म्हणाले की स्वैपाकघराची भिंत तशीही बिनकामाची आहे, पाडू. मी म्हणाले, लाईट जाते. ते म्हणाले, इन्व्हर्टर मी देतो. माझी कारणं संपली.

"भाऊजी," मी म्हणाले, "मला वजन सांगायचं नाही."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग नवऱ्याला म्हणाले, "मधलीची पावती कर." आणि ताईकडं वळून गंभीरपणे म्हणाले, "मशीनला एवढ्या चौकशा कशाला पाहिजेत? आमच्या ट्रॅक्टरनं आजवर कुणाला इचारलं न्हाई."

मधली मशीन आली. आठवड्यानं कळलं की वजन अ‍ॅपलाही लागतं आणि नवऱ्यानं ते मला न विचारता भरून टाकलंय. मी पाहिलं तर अठ्ठेचाळीस. आमच्या लग्नात मी तेवढी होते. त्यामुळं माझ्या मेहनतीचा हिशेब रोज चुकतो, पण मी दुरुस्त केलेला नाही.

आता शाळेआधी अर्धा तास मी बैठकीत चालते. नवरा शेजारी खुर्ची टाकून चहा पितो आणि मला पेपर वाचून दाखवतो. पट्ट्याचा आवाज असतो म्हणून त्याला ओरडून वाचावं लागतं. शेजारच्यांनी त्यांचा पेपर बंद केलाय.