उधारीचा साखरपुडा

तिचं नाव मी विसरलो, आवाज मात्र अजून कानात आहे. मालवणला आमच्या बँकेत ती मासेवाली बर्फाच्या पेट्यांसाठी कर्ज मागायला आली. तारण म्हणून तिच्याकडे होती फक्त एका हॉटेलवाल्याकडची उधारी. ती वसूल करायचा हक्क तिने बँकेला लिहून दिला. सहीआधी हात पदराला खसाखसा पुसला.

"आता याची सरकारदरबारी नोंद करतो," मी म्हणालो. "म्हणजे याच उधारीवर दुसरं कोणी कर्ज देणार नाही."

"ती नोंद बाजारात कोण वाचता, सायबानू?" म्हणत ती हसत उठली.

संध्याकाळी बंदरावर गेलो, तर लिलावाच्या गर्दीत मधोमध तीच! "आयका गो! हॉटेलवाल्याकडचे माझे पैशे आता बँकेचे!" असं ओरडत ज्याच्या त्याच्या हातावर साखर ठेवत होती. माझ्याही ठेवली.

"साखर कशाला?"

"साखरपुडो गुपचूप केलो तर दुसरी स्थळां येतली ना!"

मी नोंद केलीच, पण महिना संपायच्या आत हॉटेलवाला घामाघूम होऊन स्वतःच बँकेत हजर.

"पैशे घेवा आधी! मासे घेवक गेलंय काय अख्खो बाजार इचारता, बँकेत भरलंस काय?"