अंड्यांवरचा हिंग

हिंगाची डबी उघडली की मला रामल्याची बस आठवते. मुंबई सोडून आम्ही ज्यूंच्या नव्या देशात आलो, तेव्हा तिथे रेशन होतं. खेड्यातून चोरून आणलेली अंडी तपासनीस बसमध्येच जप्त करीत, आणि टायफॉइडमधून उठलेल्या आईला तर अंडी हवीच होती. आमची शेजारीण हॉलंडची. युद्धात, सोळाव्या वर्षी, ती जर्मनांविरुद्धची पत्रकं कुबट चीजखाली लपवून पोचवायची. "शिपाई वासाला भितात," ती मला म्हणाली. "तुझ्या घरात सगळ्यात उग्र काय आहे?" मी मुंबईहून आलेला हिंग पिशवीत अंड्यांवर पसरला. बसमध्ये तपासनिसाने पिशवीत नाक घातलं आणि झटकन बाहेर काढलं. "हे काय?" "पोटाचं औषध," मी कशीबशी पुटपुटले. तो निघून जाईल असं वाटलं, पण तो शेजारीच बसला. "आठवडाभर माझं पोट फुगलंय. कसं घ्यायचं?" मी त्याला चिमूटभर हिंग कागदात बांधून दिला. अंडी शाबूत घरी पोचली. पुढच्या आठवड्यात शेजारीणही माझ्याबरोबर आली, तर तो थांब्यावर माझी वाट पाहत उभा. "औषध संपलं, बाई." शेजारणीने कपाळाला हात लावला. "एकाही जर्मनाने माझ्याकडे पुन्हा चीज मागितलं नव्हतं." आता अंडी दुकानात उघड मिळतात. लपवून ठेवते ती हिंगाची डबी.