बबनभाऊंची ट्रायल

आमच्या सानगडीत बबनभाऊ मिस्त्रींइतका ठाम माणूस दुसरा नाही. खरेखोटे सोडा, ठामपणा पाहा. गाडी गॅरेजात शिरायच्या आधीच ते निदान सांगून मोकळे होतात आणि ते चुकले की तेवढ्याच ठामपणे म्हणतात, "मी तं पहिलेच म्हनलो होतो." काय म्हणाले होते, हे विचारायची सोय नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो.

माझ्या जुन्या डिझेल गाडीचे दुखणे विचित्र होते. सकाळी शहाण्यासारखी निघायची आणि इंजिन तापले की भर रस्त्यात गप्प. थोडी थंड झाली की पुन्हा चालू. एरवी मी निभावून नेले असते, पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला भंडाऱ्याला न्यावे लागे. वेळ चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला. एकदा तसे झाले, तेव्हा आईला रात्रभर धाप लागली होती. मी फार घाबरलो होतो.

बबनभाऊंनी आधी डिझेलचा पंप बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. मग फिल्टर बदलला, बॅटरीला शिव्या दिल्या, साकोलीहून कोणाचा तरी स्कॅनर आणून लावला. स्कॅनरच्या मते सगळे आलबेल होते. "याले काय समजते," म्हणत बबनभाऊंनी तो गुंडाळला. "गुरुजी, गॅरेजमंदी हे गाडी नाटकं करून रायली. माह्यासमोर बिमार पडू द्या तिले. मी येतो तुमच्यासंग."

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी आम्ही लवकरच निघालो. आई मागे, बबनभाऊ पुढे. लाखनी ओलांडली आणि गाडीने मान टाकली. आईने डोळे मिटून घेतले. मी घड्याळ पाहिले. बबनभाऊ मात्र लग्नाला आल्यासारखे खूश.

"मारा सेल्फ," ते म्हणाले. मी मारला. "पाहा, इंजिन फिरून रायलं, पन आरपीएमचा काटा जागचा हालत नाई." गळ्यातला दुपट्टा प्यायच्या पाण्यात भिजवून ते गाडीखाली सरपटले. आत कुठेतरी तो दाबून धरला. जरा वेळाने खालून आवाज आला, "आता मारा."

काटा थरथरला आणि गाडी चालू झाली.

"क्रँक सेन्सर!" तोंडभर काळे लागलेले बबनभाऊ बाहेर आले. "इंजिन फिरून रायलं हे कॉम्प्युटरले सांगनारा तोच. तापला का मुका होते. मंग डिझेल कोन सोडन? मी तं पहिलेच म्हनलो होतो."

आई डोळे न उघडता म्हणाली, "हव रे बाबू, म्हनूनच तं पंप बदलवला तू."

वाटेत पुन्हा एकदा दुपट्टा भिजवून आम्ही वेळेत पोचलो. दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर बसला आणि दुखणे कायमचे संपले.

पण पुढच्या खेपेला बबनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात हजर. "ट्रायल घ्या लागन." त्याच्या पुढच्या खेपेलाही. आईने विचारले, "गाडी तं बरी झाली, तू काहून येऊन रायला?" तर म्हणे, गरमीतली ट्रायल वेगळी, थंडीतली वेगळी. गॅरेजपुढे गिऱ्हाइके त्यांचा उद्धार करायची आणि हे मशीनशेजारी बसून आईशी भांडायचे. तिला हसू आले की नर्स रागवायची. मी बाहेर निवांत चहा प्यायचो. घरच्या कोणीही दिला नाही इतका आधार मला या गप्पिष्ट माणसाने दिला.

वर्षभराने आई गेली. तेरवी झाल्यावर डायलिसिसच्याच वारी सकाळी बबनभाऊ आले. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. मी किल्ली घेतली आणि ते पुढे बसले.

लाखनी आली तेव्हा ते दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होते. मी गाडी बाजूला घेऊ लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबू नका गुरुजी," म्हणाले. "चालू द्या."